प्रतिकारशक्तीची पावडर आणि एचआयव्हीची गोळी



आजचं बोलणं कर्जाच्या एका अर्जावरून सुरू करतो. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंनी अठरा हजार रुपये मागितले. कारण सांगितलं 'घरखर्च'. आता तुम्हाला ठाऊक आहे, गटात कुणी 'घरखर्च' म्हटलं की दहा जणी दहा प्रश्न विचारतात. लग्न आहे का, पोराची फी आहे का, की मालकानं कुठं उधारी करून ठेवली? ताई काही बोलल्या नाहीत. अर्ज पुढच्या बैठकीवर गेला. बाहेर आम्ही चपला घालत होतो, तेव्हा त्या मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली गोळी खाऊलालेय. आता एक माणूस भेटलाय. सहा महिन्यांचा कोर्स आहे म्हणतो. प्रतिकारशक्ती इतकी वाढते की आजार मुळासकट जातो म्हणं. मग गोळी बंद."

गोळी कसली, ते आम्हाला कळलं. त्यांचे मालक त्याच आजारानं गेले होते.

हे आम्ही त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीनं सांगतोय. गाव, तालुका, वय, लेकरं, काही सांगणार नाही. ऐकताना ही कोण असेल याचा अंदाज बांधायला बसू नका, एवढी विनंती. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत अशा ताई एक-दोन नाहीत. भारतात सुमारे २५ लाख माणसं एचआयव्हीसह जगतात आणि राज्यांमध्ये सगळ्यांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत, जवळपास ४ लाख. म्हणजे एखादी आपल्याच गटात, आपल्याच शेजारी बसलेली असणार.

त्या दिवशी आमच्याकडं उत्तर नव्हतं. आम्ही बीए झालेल्या सहयोगिनी. बँकेचे फॉर्म आणि गटाच्या वह्या आम्हाला समजतात, रक्तातलं काही समजत नाही. शिवाय मनात एक खुट्टी होती. कोरोनात 'प्रतिकारशक्ती' हा शब्द गावागावात आला, तेव्हा आम्हीच गटातून काढ्याच्या पुड्या करून विकल्या होत्या. सुंठ, मिरी, तुळस, दालचिनी. पुडीवर मोठ्या अक्षरात 'प्रतिकारशक्ती वाढवा' असं छापूनही घेतलं होतं. ती वाढते म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारलं असतं तर आम्हाला सांगता आलं नसतं. मग त्या माणसाला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? म्हणून आम्ही ताईंसोबत एआरटी केंद्रात गेलो, तिथल्या समुपदेशक बाईंजवळ बसलो, डॉक्टरांना विचारलं, घरी येऊन वाचलं. त्यातून जे कळलं ते आज सांगतोय.

आधी शरीरातली राखण कशी चालते ते बघू. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या रोगाशी लढतात. पण सगळ्या पेशी एक काम करत नाहीत. काही मारणाऱ्या, काही हत्यार तयार करणाऱ्या, आणि काही हाळी देणाऱ्या. रात्री गंजीला आग लागली की आधी कुणीतरी ओरडावं लागतं, तेव्हा बाकीचे घागरी घेऊन धावतात. या हाळी देणाऱ्या पेशींना 'सीडी फोर' पेशी म्हणतात. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका बारीक थेंबात, म्हणजे एका घनमिलिमीटरमध्ये, त्या साधारण ५०० ते १५०० असतात. एचआयव्हीची खोड अशी की तो नेमका याच पेशींमध्ये घुसतो. हाळी देणारीच्याच घरात शिरतो, तिच्याच चुलीवर आपली भाकर भाजतो, वाढतो, आणि तिला संपवून बाहेर पडतो. आकडा २०० च्या खाली गेला की टीबी आणि बाकीचे आजार अंगावर येतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात.

आता ताईंच्या प्रश्नाकडं या. सीडी फोर कमी होतात हाच आजार आहे, तर मग त्या वाढवल्या की आजार जाणार नाही का? प्रश्न अजिबात खुळा नाही. जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न धरून वर्षानुवर्षं काम केलं आहे. आपल्या शरीरात 'इंटरल्यूकिन-टू' नावाचा एक पदार्थ तयार होतो, त्यानं या पेशी वाढतात. तो इंजेक्शनमधून द्यायचा असं ठरलं. दोन मोठ्या चाचण्या झाल्या, अनेक देशांतली मिळून साडेपाच हजारांहून जास्त माणसं त्यात होती. अर्ध्या लोकांना नुसत्या नेहमीच्या गोळ्या, अर्ध्यांना गोळ्या आणि वर हे इंजेक्शन. २००९ मध्ये निकाल आला. सीडी फोरचा आकडा खरंच वाढला, एका चाचणीत तर सरासरी १६० नं. पण आजारी पडणारे तेवढेच राहिले, मरणारे तेवढेच राहिले. इंजेक्शनचा ताप आणि अंगदुखी मात्र जास्तीची झाली.

आम्ही हे ऐकलं तेव्हा पटेना. आकडा वाढला तर फायदा कसा नाही? समुपदेशक बाई म्हणाल्या, "आकडा वाढला म्हणजे हाळी देणाऱ्या बाया वाढल्या. त्यांना नेमकं कुणाच्या नावानं हाळी द्यायची ते कळतं का, हा वेगळा प्रश्न. गटात दहाच्या वीस बाया झाल्या म्हणून बचत दुप्पट होत नाही." हे मात्र आम्हाला लगेच पटलं. आमच्याकडं असे गट आहेत.

आणखी एक अडचण आहे. या विषाणूला वाढायला जागी झालेली, कामाला लागलेली पेशी लागते. गोळी बंद करून नुसती प्रतिकारशक्ती चाळवली, तर त्याला रान मोकळं मिळतं. म्हणजे चोरासाठीच नवी घरं बांधून दिल्यासारखं. म्हणून अशा प्रत्येक संशोधनात गोळी आधी चालू असते. ती काढून घेऊन तिच्या जागी शक्तीचं औषध देणं, असं कुणी जाणता करत नाही.

मग गोळीनं आजार का जात नाही? हे आम्ही तुम्हाला शेतातलंच सांगतो. हरळी. वरून कापली, खुरपली, रान एकदम स्वच्छ दिसतं. पण काशा जमिनीत राहतात. एक पाऊस झाला की पुन्हा हिरवी. एचआयव्हीसुद्धा काही पेशींमध्ये जाऊन झोपतो. तिथं तो वाढत नाही, नुसता पडून राहतो. गोळी वाढणाऱ्या विषाणूवर चालते, झोपलेल्यावर नाही. म्हणून रोज एक गोळी घेतली की रक्त स्वच्छ. इतकं की तपासणीत विषाणू सापडतही नाही. आणि गोळी थांबवली की बहुतेकांमध्ये दोन-चार आठवड्यांतच तो परत वर येतो. शास्त्रज्ञ ज्याला 'आजार मुळासकट काढणं' म्हणतात, ते म्हणजे या काशा काढणं. अजून ते सर्वांसाठी साधलेलं नाही.

पण प्रयत्न चालू आहेत, आणि ते ऐकण्यासारखे आहेत.

एक वाट आपल्या वखरणीसारखी आहे. पहिला पाऊस झाला की आपण लगेच पेरत नाही. तण उगवू देतो, मग वखराची पाळी घालतो, उगवलेलं सगळं मरतं. तसं झोपलेल्या विषाणूला औषध देऊन मुद्दाम जागं करायचं, आणि जागा झाला की शरीराच्या मारणाऱ्या पेशींनी त्याला गाठायचं. जागं करणं थोडंफार जमलं. मारणं नीट जमेना, कारण इतकी वर्षं गोळीच्या आधारानं बसलेल्या मारणाऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे उपचार' हे शब्द खऱ्या संशोधनात येतात ते इथं. त्या पेशींना पुन्हा तयार करायचं, त्यांना शत्रू ओळखायला शिकवायचं. त्यासाठी वेगळ्या लसी आहेत, प्रयोगशाळेत केलेली प्रतिपिंडं आहेत, म्हणजे विषाणूला चिकटणारी तयार हत्यारं. हे सगळं सुईतून, दवाखान्यात, रोजच्या देखरेखीखाली चालतं.

यातली एक चाचणी बायांचीच आहे म्हणून सांगतो. दक्षिण आफ्रिकेत डरबन शहरात २० तरुण स्त्रियांवर ती झाली, आणि मार्च २०२५ मध्ये शास्त्रज्ञांच्या परिषदेत तिची माहिती मांडली गेली. या सगळ्यांना लागण झाल्या झाल्या लवकर गोळी सुरू झाली होती, वर्षानुवर्षं विषाणू दबलेला होता. त्यांना दोन प्रकारची प्रतिपिंडं आणि प्रतिकारशक्ती चाळवणारं एक औषध दिलं, आणि मग गोळी थांबवून सारखी रक्ततपासणी ठेवली. बहुतेकींमध्ये विषाणू परत आला, त्यांना गोळी पुन्हा सुरू करावी लागली. २० पैकी ४ जणी मात्र चाचणी संपल्यावरही गोळीशिवाय राहू शकल्या. आम्हाला हा आकडा आवडला, कारण तो खोटा मोठा नाही. चार जणींना जमलं, सोळा जणींना नाही, आणि असं का, ते आता शोधतायत. आपल्याला भेटणारा पावडरवाला मात्र शंभरात शंभर सांगतो.

जगात एचआयव्हीतून खरोखर बरी झालेली माणसंही आहेत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिला टिमोथी ब्राऊन. अमेरिकेचा माणूस, राहायला जर्मनीत, बर्लिन शहरात. एचआयव्ही होताच, वर रक्ताचा कॅन्सर झाला. २००७ मध्ये कॅन्सरसाठी त्याचा अस्थिमज्जा बदलण्याचा उपचार झाला, म्हणजे रक्त तयार करणारा गाभाच दुसऱ्या माणसाचा घातला. डॉक्टरांनी दाता असा निवडला की ज्याच्या पेशींना विषाणू आत शिरतो ते दार जन्मतःच नव्हतं. हरळीचं म्हणाल तर सगळी मातीच उपसून दुसरी भरली. तो एचआयव्हीतून बरा झाला. पण त्या उपचारात जीव जाण्याचा धोका एवढा मोठा असतो की कॅन्सर नसलेल्या माणसावर तो कुणी करत नाही. शिवाय तसा दाता उत्तर युरोपात थोडेफार मिळतो, आपल्या देशात जवळजवळ नाहीच. टिमोथी ब्राऊन २०२० मध्ये वारला, तो कॅन्सर उलटल्यामुळं, एचआयव्हीमुळं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती ऐकून आम्हाला दोन दिवस कसंसंच झालं. अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात २०१० मध्ये एक बाळ जन्मलं. आईला एचआयव्ही. बाळाला जन्मापासून दीड दिवसाच्या आत औषधं सुरू केली. दीड वर्षाचं झाल्यावर औषधं सुटली. नंतर तपासलं तर विषाणू नाही! २०१३ मध्ये जगभर बातमी झाली, बाळ बरं झालं म्हणून. २७ महिने ते औषधाशिवाय ठीक राहिलं. २०१४ मध्ये विषाणू परत आला. दोन वर्षांहून जास्त काळ जगातल्या उत्तम प्रयोगशाळांना जो सापडला नाही, तो तिथंच होता. म्हणून कुणी रिपोर्ट दाखवून म्हणालं, 'बघा, विषाणू नाही, आता गोळी सोडा,' तर या बाळाची आठवण ठेवा.

आपल्याकडं काय चाललंय, तेही विचारलं. पुण्यात भोसरीला १९९२ पासून एड्सवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. लोक तिला 'नारी' म्हणून ओळखायचे, आता तिचं नाव बदललंय. भारतातल्या एचआयव्ही लसीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये तिथंच सुरू झाली. आपल्याच राज्यातली निरोगी माणसं, बायासुद्धा, स्वतःहून पुढं आली आणि दंडावर सुई घेतली. ती लस सुरक्षित ठरली पण तिनं पुरेशी ताकद आणली नाही, म्हणून पुढं गेली नाही. ती लस आजार होऊ नये म्हणून होती, झालेला बरा करायला नव्हती. आज अशी एकही लस बाजारात नाही. कुणी 'एचआयव्हीची लस आलीय' म्हणून पैसे मागितले तर सरळ उठून या.

आता हातात आहे त्या गोळीबद्दल. तिची किंमत आपल्याला कळत नाही, कारण ती फुकट मिळते. पंचवीस वर्षांपूर्वी हीच औषधं परदेशी कंपन्या वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात विकायच्या, म्हणजे आपल्या पैशात लाखो रुपये. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीनं ती दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभर भाव कोसळले. १ एप्रिल २००४ पासून आपल्या सरकारनं ती मोफत द्यायला सुरुवात केली. आधी आकडा खाली गेल्यावरच गोळी मिळायची. २०१७ पासून तपासणीत आजार निघाला की लगेच सुरू करतात. आणि आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, एकात तीन औषधं.

गोळीनं काय होतं ते बघायचं तर लातूर जिल्ह्यातच जा. औसा तालुक्यात हासेगावला २००७ मध्ये रवी बापटले यांनी एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. सुरुवातीला गावाचा विरोध होता, शाळेत आपल्या पोरांजवळ ही पोरं नकोत म्हणून पालक अडून बसले होते. त्या जागेचं एक नाव 'हॅपी इंडियन व्हिलेज' आहे. इंग्रजीत पहिली अक्षरं जुळवली की एच-आय-व्ही होतं. तिथली पोरं मोठी झाली, गाणी-नाच बसवून कार्यक्रम करतात, काहींची लग्नं होऊन ती संसाराला लागली. यात कुठली गुप्त पावडर नाही. वेळच्या वेळी गोळी, पोटभर जेवण आणि जवळ घेणारं माणूस.

आणखी एक, ही गोष्ट बायांना कुणी मोकळेपणी सांगत नाही. गोळी रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. युरोपात शेकडो जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून हे दिसलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनंही मान्य केलं आहे. गरोदर बाईनं गोळी घेतली तर बाळाला होण्याचा धोकाही अगदी थोडा उरतो. म्हणजे गोळी आपल्यापुरती नसते, अख्ख्या घराची राखण असते. ती सोडली की कुंपण काढलं.

मग लोक पावडरकडं का जातात? आम्हाला विचाराल तर याचा दोष एकट्या त्या बाईवर टाकू नका. गोळी आणायला एक दिवस मोडतो, म्हणजे एका दिवसाची मजुरी. एसटीत कुणी ओळखीचं भेटलं तर 'कुठं निघालीस' याचं उत्तर शोधावं लागतं. गोळ्यांची बाटली पिशवीत खुळखुळते म्हणून कित्येक बाया तिच्यात कापूस कोंबतात. जाऊबाई घरात असल्या की गोळी पिठाच्या डब्यात लपते. हे आयुष्यभर करायचं. त्यात एक गोड बोलणारा माणूस घरी येतो, चहा पितो, 'ताई, तुम्ही बऱ्या होणार' म्हणतो. दवाखान्यात कुणी इतका वेळ बसून बोलतं का?

त्याची युक्तीही समजून घ्या. तो आधी तुमचा जुना रिपोर्ट मागतो, ज्यात विषाणू सापडला नाही असं लिहिलेलं असतं. तो गोळीचा पराक्रम. हा त्यावर आपलं नाव लावतो. मग गोळी बंद करायला सांगतो. विषाणू आतून वाढू लागतो, पण बाईला महिने, कधी वर्षंही काही जाणवत नाही. उलट गोळीचा कंटाळा गेला म्हणून बरं वाटतं. अशा काही औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यानं भूक लागते, चेहरा भरतो. बाई म्हणते, गुण आला. आणि पुढं टीबी होतो तेव्हा त्या माणसाचा फोन लागत नाही.

मध्येच गोळी सोडण्याचं नुकसान मोजून झालेलं आहे. अनेक देशांत मिळून सुमारे साडेपाच हजार लोकांची एक चाचणी झाली. त्यातल्या निम्म्यांची गोळी सीडी फोर चांगल्या असताना डॉक्टरांच्याच देखरेखीखाली थांबवली होती. त्यांच्यात मोठे आजार आणि मृत्यू मिळून दुपटीहून जास्त झाले, म्हणून २००६ च्या जानेवारीत तो प्रयोगच थांबवावा लागला. डॉक्टर समोर असताना ही गत. वर पुन्हा, धरसोड केली की विषाणू गोळीला सरावतो आणि तीच गोळी मग लागू पडत नाही.

झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असंही धरू नका. कोरोनात लोकांनी गुळवेल भरपूर प्यायली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. वेल ओळखण्यात चूक झाली असेल असं त्यांचं म्हणणं. खरं काय ते तज्ज्ञ बघतील. पण प्रतिकारशक्ती म्हणजे बैल. नुसता चाबूक मारला म्हणून नांगर सरळ चालत नाही. आमच्या काढ्याच्या पुडीवरचं ते वाक्य आम्ही काढून टाकलंय. आता 'सुंठ-तुळशीचा काढा' एवढंच छापतो. खप थोडा कमी झाला, खरं सांगायचं तर.

कायदाही आपल्या बाजूनं आहे. औषधांच्या नियमांत एक यादी आहे. त्या यादीतले आजार बरे करतो असा दावा कुठल्याच औषधानं करायचा नाही. तिच्यात एड्सचं नाव पहिलं आहे. १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदाही आहे. म्हणजे पत्रकावर 'एड्स मुळापासून बरा' छापलं असेल तर ते पत्रक जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात द्या. तक्रार करायला आपला आजार सांगावा लागत नाही. गटाच्या नावानंही करता येते.

दुसरा कायदा २०१७ चा, एचआयव्ही-एड्सचाच. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. कुणाला हा आजार आहे हे तिच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, आणि त्यावरून तिला कामावरून, शाळेतून, घरातून बाहेर काढायचं नाही. यावरून आम्हाला आमच्याच गटाचा नियम खटकला. कर्जाचं कारण सगळ्यांसमोर फोडून सांगायचं, ही आमची पद्धत. आता आजारपणासाठी कर्ज असेल तर वहीत 'दवाखाना' एवढं लिहितो, पुढं विचारत नाही. यावर दोन बैठका वाद झाला. काही जणी म्हणाल्या, मग कुणीही दवाखाना म्हणेल. म्हणू दे. हप्ता वेळेवर आला म्हणजे झालं.

ताईंचं पुढं काय झालं ते सांगतो. त्यांनी अर्ज मागं घेतला. पण आम्हाला भेटायच्या आधीच त्यांनी तीन हजार इसार दिला होता, आणि गोळी तीन आठवडे बंद केली होती. इसार बुडाला. केंद्रात तपासणी केली तर वर्षानुवर्षं न सापडणारा विषाणू सापडला. त्यांनी तिथं कपाळावर हात मारून घेतला. बाई रागावल्या नाहीत, हे आम्हाला फार बरं वाटलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि विचारलं, "कंटाळा कशाचा येतो?" मग कळलं, त्या रात्रीची गोळी जागरण करून, सगळी झोपल्यावर घेत होत्या. वेळ बदलून सकाळी शेतावर जायच्या आधीची करून घेतली. काही महिन्यांनी तपासलं, आकडा पुन्हा खाली आला होता.

आता तुमच्या चिठ्ठ्यांतले प्रश्न.

एकीनं मुखेडहून विचारलंय, खाण्यापिण्यानं प्रतिकारशक्ती वाढते की नाही? मिळणारं अन्न पोटभर असावं. ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाणे, जमेल तेव्हा अंडं, पालेभाजी. त्यानं वजन आणि ताकद टिकते, आणि ते हवंच. त्यानं विषाणू मरत नाही. दोन्ही खरं आहे. खोकला पंधरा दिवसांवर गेला तर टीबीची तपासणी करा, तीही मोफत आहे.

अहमदपूरकडच्या एका ताईंना गोळी आणायला लांब पडतं. प्रकृती स्थिर असेल तर काही ठिकाणी एकदम जास्त महिन्यांच्या गोळ्या देतात, आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात लिंक एआरटी केंद्र असेल तर तिथूनही घेता येतात. आपल्या केंद्रात विचारा. विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ वर फोन करा. तो मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

शेवटची चिठ्ठी एका आशाताईंची आहे. त्यांचा प्रश्न कामाचा. एचआयव्हीच्या सध्याच्या गोळीबरोबर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालते का? चालते, पण रिकाम्या पोटी दोन्ही एकदम घेतल्या तर लोह आणि कॅल्शियम त्या औषधाला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात नीट उतरत नाही. एक तर दोन्ही जेवणाबरोबर घ्यायच्या, नाही तर एचआयव्हीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. पित्ताची पातळ औषधं आणि गोळ्या मात्र जेवणाबरोबरही एकत्र नकोत, तिथं हेच दोन आणि सहा तासांचं अंतर ठेवायचं. धातू आणि भस्म घातलेल्या पावडरींतही असेच क्षार असतात, त्यामुळं कुठलीही पावडर घेत असाल तर केंद्रात तिचा डबा घेऊन जा आणि दाखवा. साखरेची गोळी चालू असेल तर तीही सांगा, तिचा डोस बघावा लागतो. गरोदर बाईला लोहाची गोळी असतेच, म्हणून आशाताई, तुमच्या वहीत ही वेळ लिहून ठेवा.